विनाअट स्वागत



स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचं केंब्रिजमधल्या या संमेलनात मनःपूर्वक स्वागत करते.

स्त्रिया आणि विज्ञान या विषयावर मराठीतून बोलायचं, तर याहून योग्य गाव ब्रिटनमध्ये नाही. १९३७ साली कमला भागवत, म्हणजे पुढच्या डॉ. कमला सोहोनी, इथल्या न्यूनहॅम कॉलेजात आल्या. त्याआधी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने, म्हणजे तिथले संचालक सर सी. व्ही. रामन यांनी, त्यांना मुलगी म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या अडून बसल्या, तेव्हा प्रवेश मिळाला तो अटींवर. पहिलं वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानायचं नव्हतं, आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतल्या पुरुषांचं लक्ष विचलित होता कामा नये, असंही बजावलं होतं! केंब्रिजला सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्र विभागात बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींत सायटोक्रोम सी हे श्वसनक्रियेतलं प्रथिन असल्याचं दाखवलं. १९३९ साली पीएच.डी. झाली, प्रबंध जेमतेम ४० पानांचा.

अटी केंब्रिजच्याही होत्याच. स्त्रियांना तेव्हा पदवीचं नुसतं नाव मिळे. पुरुषांच्या बरोबरीची पदवी मिळायला १९४८ साल उजाडावं लागलं. हॉपकिन्स यांच्याच विभागातल्या मार्जरी स्टीफन्सन आणि स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल १९४५ साली रॉयल सोसायटीच्या पहिल्या स्त्री-फेलो झाल्या, तेव्हा सोसायटीचं वय २८५ होतं. जोसलिन बेल बर्नेल यांना इथेच १९६७ साली पल्सारचा पहिला संकेत सापडला. १९७४ चं नोबेल गेलं ते त्यांच्या मार्गदर्शकांकडे आणि मार्टिन राइल यांच्याकडे.

आजच्या अटी कागदावर नसतात. मूल होण्याच्या वयातच दर दोन-तीन वर्षांनी नवं कंत्राट, नवं गाव शोधावं लागणं, ही त्यातलीच एक.

स्त्रीवादी दृष्टी मात्र नोकऱ्यांच्या मोजदादीवर थांबत नाही. संशोधनाचे प्रश्न कोण ठरवतं आणि कोणाचं शरीर नमुना मानलं जातं, हेही ती विचारते. औषधांच्या चाचण्या वर्षानुवर्षं मुख्यतः पुरुषांवर झाल्या. त्याची किंमत बायकांनी मोजली. कमलाबाईंनी मायदेशी परतल्यावर नीरा आणि कडधान्यं अभ्यासाला घेतली. गरिबाच्या ताटात काय पडतं, हा त्यांना प्रयोगशाळेत सोडवण्याच्या योग्यतेचा प्रश्न वाटला.

दोन दिवसांत इथे निबंध वाचले जातील, वादही होतील. ते मोकळेपणी व्हावेत. व्यवस्थेत काही उणं राहिलं, तर कार्यकर्त्यांना हक्काने सांगा. आणि एक विनंती: परत गेल्यावर आपल्या विभागातली अशी एक न लिहिलेली अट शोधा, बैठकीत तिचं नाव घ्या आणि ती काढायला लावा.