मूतखडा आणि प्रयोगशाळेतील उंदीर

वैशाखातील उन्हात वाशिमकडील रानात राबणाऱ्या माणसाच्या अंगातील पाणी घामावाटे निघून जाते. लघवी थोडी व दाट होते. तीतील कॅल्शियम व ऑक्झलेट यांचा संयोग होऊन कण जमू लागतात, आणि एखादे रात्री कमरेपासून जांघेपर्यंत अशी कळ उठते की धट्टाकट्टा गडी जमिनीवर लोळू लागतो. घरातील वडीलधारी बाई मग कुळथाचे कढण चुलीवर ठेवते. कोणी पाषाणभेद सुचवितो, कोणी गोखरू. सुश्रुताने ज्यास अश्मरी म्हटले त्या विकारावर हे उपाय खरोखर गुणकारी आहेत काय, याचा निवाडा बहुधा प्रयोगशाळेतील पांढऱ्या उंदरावर सोपविला जातो.

उंदराला मूतखडा सहसा आपोआप होत नाही. तो मुद्दाम उत्पन्न करावा लागतो. रूढ रीत अशी की, पिण्याच्या पाण्यात शेकडा पाऊण भाग एथिलीन ग्लायकॉल मिसळून ते सुमारे चार आठवडे द्यावयाचे. थंड मुलखात मोटारीतील पाणी गोठू नये म्हणून वापरतात तोच हा द्रव. यकृतात त्याचे ऑक्झलेट बनते व मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत स्फटिक साचतात. रीत स्वस्त आहे, सोपी आहे. पण तिने मिळणारा निवाडा कितपत विश्वसनीय? हे द्रव्य विषारी आहे. ऑक्झलेट होण्यापूर्वी त्याची इतर अम्ले रक्तात उतरून उंदीर निराळ्याच व्याधीने ग्रासला जातो. शिवाय, काढा घेतलेला उंदीर पाणी कमी प्याला तर विषही कमी जाते, स्फटिक कमी होतात आणि श्रेय मात्र काढ्याला मिळते! यकृतातील रूपांतर काढ्याने मंदावले तरी तोच भास. रानातील गड्याने तर ग्लायकॉल घेतलेलेच नसते. त्याला अशा काढ्याचा उपयोग काय?

याच जिल्ह्यात शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे तीर्थ आहे. अहिंसेचा संस्कार असलेल्या घरांत मुक्या जीवाच्या यातनांचा प्रश्न निघणारच. आणि ज्या यातनेतून विश्वसनीय उत्तरही लाभत नाही, तिचे समर्थन कसे करावे? रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये पर्याय शोधणे, संख्या घटविणे व यातना कमी करणे अशी त्रिसूत्री मांडली. पुढल्याच वर्षी भारतात प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायदा झाला, आणि प्रयोगांवर देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद त्यात आली.

सौम्यतर मार्ग आता हाती आहेत. हायड्रॉक्सिप्रोलीन हे जिलेटिनमध्ये आढळणारे अमिनो आम्ल अन्नातून दिले असता ग्लायकॉलच्या विषाशिवाय ऑक्झलेट वाढते. मूत्रपिंडाला इजा यातही होतेच, हे मात्र विसरता कामा नये. २०११ मध्ये तैवानच्या संशोधकांनी फळमाशीचा उपयोग प्रसिद्ध केला. माशीच्या उत्सर्जक नलिका पारदर्शक असल्याने आतील स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली सरळ दिसतात. तीतही त्यांनी इतर द्रव्यांसोबत ग्लायकॉल वापरले, हा जरा गमतीचा भाग. माशीला आपल्यासारखे मूत्रपिंड नाही. तेव्हा तिने पास केलेल्या काढ्याला पुढील परीक्षा द्याव्याच लागतील. पण निरुपयोगी काढे तिच्यापाशीच अडले, तर तितके उंदीर वाचतील.