एका दुपारचा पाऊण तास

तारीख २५ मे १९३५. अमेरिकेत ॲन आर्बरला विद्यापीठांची 'बिग टेन' ॲथलेटिक्स स्पर्धा भरली होती. ओहायो स्टेटचा जेसी ओवेन्स पाठदुखीनं इतका बेजार होता, की त्याला धड वाकताही येत नव्हतं. तरी शंभर यार्डांत त्यानं विश्वविक्रमाची बरोबरी साधली. मग लांब उडी. जुन्या विक्रमाच्या खुणेपाशी रुमाल ठेवला आणि एकच उडी घेतली, ८.१३ मीटर! पाठोपाठ २२० यार्ड धावणं आणि अडथळ्यांची शर्यत, दोन्हींत नवे विक्रम. बर्लिन ऑलिंपिकमधली त्याची चार सुवर्णपदकं सगळ्यांना ठाऊक असतात. मला मात्र कॉलेजच्या मैदानावरची ही दुपार त्याहून मोठी वाटते. त्या उडीचा विक्रम मोडायला १९६० साल उजाडावं लागलं.