खुराड्यातला रात्रीचा चोर



आज आपण कोंबड्यांच्या खुराड्याविषयी बोलू. विषय लहान दिसतो. पण ज्या घरी पाच-सहा कोंबड्या आहेत, त्या घरच्या बाईला विचारा. मीठ-मिरची, पोराची वही, बाजारला जायचं भाडं, हे सारं अंड्यांतून निघतं. हा पैसा तिच्या स्वतःच्या हातचा असतो. तो कुणापुढे मागावा लागत नाही.

नागपूरच्या आसपास, मौद्याकडे, उमरेडकडे गेलो की पावसाळ्यात एक तक्रार आमच्या कानी येते. खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती, ती मधेच उठून गेली. सांज झाली तरी कोंबड्या खुराड्यात शिरत नाहीत, झाडावर जाऊन बसतात. तुरे पांढरे पडले. पिल्लं सकाळी मेलेली सापडतात. मग कुणी म्हणतं, दृष्ट लागली. कुणी लिंबू कापून टाकतं. अहो, लिंबाने काय होणार? चोर तर आत लपून बसला आहे!

हा चोर म्हणजे एक बारीक किडा. जनावरांचे डॉक्टर त्याला माइट म्हणतात. भिवापूरच्या शेतकऱ्याला मिरचीवरचा कोळी चांगला ठाऊक आहे. हा त्याच्याच गोतातला. मिरचीवरचा कोळी पानाचा रस शोषतो, हा कोंबडीचं रक्त पितो. याला आठ पाय असतात. आकार सुईच्या टोकाएवढा. उपाशी असला की राखी दिसतो, पोट भरलं की लाल होतो.

त्याची एक खोड नीट ध्यानात घ्या. तो कोंबडीच्या अंगावर राहत नाही. रात्री अंधारात येतो, रक्त पितो आणि परत जाऊन लपतो. दिवसा तुम्ही कोंबडी धरली, पिसं उचलून पाहिली, तर काही सापडत नाही. माणूस म्हणतो, कोंबडी तर साफ आहे. खरंच साफ आहे! किडा असतो बांबूच्या फटीत, बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूला, अंडी द्यायच्या टोपलीच्या विणीत, कोपऱ्यातल्या ओल्या भुशात. म्हणून इलाज कोंबडीपेक्षा घराचा करायचा.

खात्री कशी करावी? कोंबड्या बसल्यावर दोन तासांनी बॅटरी घेऊन जा. पांढरं फडकं दांडीच्या खालून दाबून फिरवा. फडक्यावर लाल डाग उठले, तर चोर सापडला. दिवसा पाहिलं तर फटींच्या तोंडाशी मीठ-मिरपूड सांडल्यासारखी बुकटी दिसते. ती त्याची घाण, अंडी आणि टाकलेली कात. भुशात दिसणारा प्रत्येक किडा मात्र रक्तपित्या नसतो. काही किडे नुसती बुरशी खाऊन राहतात. त्यांना चिरडलं तर लाल डाग उठत नाही.

आता भुशाचं बोलू. आपल्याकडे धानाच्या गिरणीतला कोंडा खाली अंथरतात. मौदा, रामटेक भागात धान पिकतं, त्यामुळे कोंडा हाताशी असतो. चीज चांगली आहे, पण कोरडी असेल तोवर! कवेलूतून पाणी गळलं, पाण्याचं भांडं सांडलं, की कोंडा गोळा होतो आणि नाकाला झोंबणारा वास सुटतो. ऊब आणि दमटपणा किड्याला फार मानवतो. अशा हवेत अंड्यापासून आठवड्याभरात पुरा किडा तयार होतो. रक्त मिळालं नाही तरी तो कित्येक आठवडे, थंडीत तर महिनोन्‌महिने तग धरतो. पंधरा दिवस खुराडं रिकामं ठेवलं आणि नव्या कोंबड्या आणल्या, तर नव्यांचंही तेच होतं.

साफसफाईसाठी उघडीपीचा दिवस निवडा. सकाळीच कोंबड्या सोडा. सगळा कोंडा पोत्यात भरा. अर्धा काढला, अर्धा ठेवला, असं नको. तो खुराड्याशेजारी ढीग करून टाकू नका, नाहीतर रात्री पाहुणे परत घरी येतील. शेतातल्या खताच्या खड्ड्यात शेणासोबत मिसळा आणि वरून झाका. चांगल्या खताच्या ढिगात आत हात ठेववत नाही एवढी उष्णता होते, त्यात किडा मरतो. काठचा कोंडा आठ दिवसांनी आत घ्यायचा. बांबूच्या आणि कोंड्याच्या खुराड्यात पेटता बोळा मात्र फिरवू नका. किडे मरतील, पण घरही जाईल.

मग भिंती खरवडा. फटीफटीत उकळतं पाणी ओता. दांड्या, टोपल्या बाहेर उन्हात टाका. नागपूरच्या उन्हाची ख्याती आम्ही काय सांगावी? २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. असं कोरडं ऊन या किड्याला सोसत नाही. म्हणून वैशाखात एक दिवस हे काम करून ठेवलं तर पावसाळा सुखाचा जातो. श्रावणात ऊन कुठून आणणार? तेव्हा उकळत्या पाण्यावरच भिस्त.

सगळं सुकल्यावर दाट चुना कुंच्याने फटींत दाबून भरा. चुना वाळला की नवा, कोरडा कोंडा चार बोटं जाड घाला. चिरलेल्या बांबूऐवजी गुळगुळीत लाकडाची दांडी बसवा. मुंग्या चढू नयेत म्हणून आपण फळीचे पाय पाण्याच्या वाटीत ठेवतो ना? तसेच दांडीचे पाय जळक्या तेलाच्या वाटीत ठेवा, आणि दांडी भिंतीला टेकू देऊ नका. अंगणात राख आणि कोरडी माती घालून एक खळगा करा. कोंबडी त्यात स्वतःच लोळते. छपरात चिमण्या-पारव्यांची रिकामी घरटी असतील तर काढा. तिथूनही हा किडा उतरतो.

आता जरा कठीण बोलतो. घरी कपाशीवर फवारायचं औषध उरलेलं असतं. तेच खुराड्यात मारायचं, असं पुष्कळांच्या मनात येतं. हे करू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसावर माणसं दगावली. ते तर उघडं शेत होतं. खुराडं बंद असतं, आणि तिथलं अंडं सरळ पोराच्या ताटात येतं. त्याच साली हॉलंड आणि बेल्जियममध्ये, याच किड्यासाठी वापरलेल्या औषधात फिप्रोनिल नावाचं विष मिसळलेलं निघालं. ते अंड्यांत उतरलं. लाखो अंडी फेकून द्यावी लागली. तिथे अंडी तपासणारे होते म्हणून कळलं. आपल्या घरच्या अंड्याची कोण तपासणी करणार? जुन्या माणसांना गॅमेक्सिनची भुकटी आठवते. तीही १९९७ पासून आपल्या देशात बंद आहे.

औषध लागलंच तर जनावरांच्या दवाखान्यात विचारा. नागपुरात पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५८ पासून आहे. तिथे दोन प्रश्न विचारायला विसरू नका. औषध किती पाण्यात घालायचं, आणि किती दिवस अंडी खायची नाहीत? उत्तर कागदावर लिहून घ्या. आता तुम्हाला लिहिता येतं. कोंबडीच्या शेपटाखाली पिसं काळी, चिकट झाली असतील, तर तो दुसऱ्या जातीचा माइट. तो अंगावरच राहतो. त्याला घर साफ करून पुरत नाही, कोंबडीलाच औषध लावावं लागतं.

आणि एका-दोन दिवसांत पुष्कळ कोंबड्या पटापट मेल्या, तर तो हा चोर नव्हे. मार्च २०२४ मध्ये नागपुरातल्या सरकारी कुक्कुट केंद्रातच बर्ड फ्लू निघाला होता. अशा वेळी मेलेल्या कोंबडीला हात लावू नका, बाजारात नेऊ नका, लगेच दवाखान्यात कळवा.

एकदा साफ केलं की काम संपलं, असं नाही. फटीतली काही अंडी वाचतात. आठ दिवसांनी त्यांचे किडे होतात. म्हणून पहिल्या सफाईची तारीख खुराड्याच्या दारावर कोळशाने लिहा. आठव्या दिवशी पुन्हा फडकं फिरवा, उकळतं पाणी ओता. पंधराव्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या खेपेला फडकं पांढरं निघालं, तर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवायला हरकत नाही.