गंधार ऐकू आला का?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला ‘माझा छंद’ या विषयावर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय. माझ्या आधी गड-किल्ल्यांचे फोटो झाले, गच्चीवरच्या बागेचे फोटो झाले. माझ्याकडे पडद्यावर दाखवण्यासारखं काहीच नाही, कारण माझा छंद ऐकण्याचा आहे. मला गाता येत नाही. प्रार्थनेच्या रांगेत माझ्या शेजारी जे उभे असायचे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. पण कुठे चांगलं गाणं समोर बसून ऐकायला मिळणार असेल तर मी रात्रीच्या एस.टी.नं जाते, आणि जुन्या तबकड्यांचा ढीग दिसला की खाली बसून तो चाळल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घरी याला वेड म्हणतात.

या वेडाची सुरुवात आपल्या शाळेत झाली, आणि ती एका खोटेपणानं झाली. तो आज सांगून टाकते. ज्यांच्याशी खोटं बोलले ते समोर पहिल्या रांगेत बसलेत.

नववी ब आठवा. विज्ञानाच्या तासाला ध्वनीचा धडा चालू होता. सरांनी नादकाटा टेबलावर आपटून दाखवला, आपण हसलो, झालं. दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते तानपुरा घेऊन. तो आला होता सतारमेकर गल्लीतून, आपल्याच वर्गातल्या एकाच्या वडिलांच्या कारखान्यातून. सरांनी तो मांडीवर घेतला, घोडीवर तारेखाली दोऱ्याचा तुकडा सरकवला आणि सांगितलं, “ही जवारी. दोरा योग्य जागी आला की तार नुसती वाजत नाही, बोलते.” मग चार तारा छेडल्या. पंचम, दोन षड्ज, खर्ज. सर म्हणाले, “या चार तारांत गंधार कुठंच नाही. पण नीट ऐकलंत तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येईल. तो कुणी वाजवत नाही, आपला आपण उमटतो. कुणाकुणाला ऐकू आला?”

आधी दोन हात वर गेले, मग दहा, मग सगळा वर्ग. त्यात माझाही हात होता. सर, मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

सर मात्र खूश झाले. तास संपल्यावर मला बोलावून म्हणाले, “कान चांगला दिसतोय तुझा,” आणि दुसऱ्या दिवशी एक कॅसेट हातात ठेवली. जुन्या तबकड्यांवरून भरून घेतलेलं खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचं गाणं. अट अशी, की महिनाभर हीच कॅसेट ऐकायची, दुसरी मागायची नाही; आणि परत करताना जे पहिल्यांदा ऐकू आलं नव्हतं ते चिठ्ठीवर लिहून आणायचं. खोटं उघडं पडू नये म्हणून मी ऐकत बसले. पहिला आठवडा नुसती खरखर ऐकली. दुसऱ्या आठवड्यात खरखरीच्या मागचा आवाज ऐकू आला. बारीक, सरळ, कुठेही जोर न लावणारा. तिसऱ्या आठवड्यात कळलं, की ते एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाहीत, ओघळत जातात. चिठ्ठीवर मी लिहिलं, ‘गाणारा घाईत नाही.’ सरांनी त्याखाली लाल शाईनं बरोबरची खूण केली. माझ्या अख्ख्या शालेय जीवनात इतकी आनंदाची खूण दुसरी नाही, आणि हे गणिताच्या बाई ऐकतायत हे ठाऊक असूनही म्हणते.

पुढे कळलं, की घाई करायला तर खाँसाहेबांना भरपूर कारण होतं. त्या तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटंच मावायची. मैफलीत तासभर चालणारा राग तेवढ्यात बसवायचा. आणि तरीही ऐकणाऱ्याला वाटतं, या माणसाकडे वेळच वेळ आहे! त्यांची झिंझोटीतली ठुमरी लहानग्या भीमसेन जोशींनी गदगला तबकडीवरच ऐकली आणि असं गाणं शिकायचं म्हणून १९३३ साली, अकराव्या वर्षी घर सोडलं. तीन मिनिटांच्या तबकडीनं एका मुलाला घराबाहेर काढलं. मी काही घर सोडलं नाही. पण बारावीनंतर इंजिनिअरिंगला पुण्याला गेले, तेव्हा आईला वाटलं मुलगी शिकायला चाललीय, आणि माझ्या डोक्यात होता सवाई गंधर्व महोत्सव.

हा महोत्सव भीमसेनजींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू केला, आणि ते गुरू म्हणजे आपल्या खाँसाहेबांचे शिष्य. म्हणजे मिरजेहून गेलेल्या मुलीला तो परका नव्हता. तेव्हा तो रमणबागेच्या मैदानावर भरायचा. डिसेंबरची थंडी, खाली भारतीय बैठक, अंगावर शाल, सोबत सत्र परीक्षेच्या नोट्स. नोट्स कधीच उघडल्या नाहीत. शेवटच्या रात्रीची बैठक उजाडल्यावर संपायची. पहाटेच्या रागांच्या वेळी निम्मं मैदान पांघरुणात झोपलेलं असायचं. पण चांगली जागा आली, की पांघरुणांतूनही ‘वाहवा’ यायची!

अशाच एका रात्री दोन गाण्यांच्या मध्ये सगळे चहा-वड्याला उठले. माझ्या पायाला मुंग्या आलेल्या, म्हणून मी बसून राहिले. मंचावर दोन तानपुरे जुळवत होते आणि ध्वनिक्षेपक चालू राहिला होता. खुंटी थोडी पिळायची, मणी थोडा सरकवायचा, पुन्हा छेडायचं. मी काही ऐकायचं म्हणून ऐकत नव्हते. आणि एकदम खर्जाच्या तारेनंतर, वर कुठेतरी, हवेत, एक स्वर उभा राहिला. कुणी गात नव्हतं, कुणी वाजवत नव्हतं. मी दचकून शेजारी पाहिलं. शेजारी माकडटोपी घातलेले एक अनोळखी आजोबा होते. त्यांनी माझ्याकडे न बघताच मान डोलावली आणि म्हणाले, “लागला बरं का.”

तेव्हा मला दोन गोष्टी कळल्या. एक, सर खरं सांगत होते. आणि दुसरी, इतकी वर्षं तबकड्या आणि कॅसेटी ऐकून मला हे का सापडलं नव्हतं. तबकडी सुरू होते ती सगळं जुळून झाल्यावर. तीन मिनिटांत तानपुरे जुळवत कोण बसणार? मैफलीला मात्र ती जुळवाजुळवही पाहायला मिळते. गायकाचा घसा खाकरणं, तबलजीचं हातोडीनं ठोकणं, दोघांची नजरानजर, एखादी न साधलेली जागा आणि ती साधेपर्यंत पुन्हा पुन्हा घेणं. तबकडी झालेलं गाणं देते. मैफलीत गाणं होताना दिसतं, आणि ते आज होईलच याची खात्री कुणालाच नसते, गाणाऱ्यालाही.

म्हणून तबकडी कमी असं मात्र मी म्हणणार नाही. त्याच महोत्सवाची सांगता कशानं व्हायची माहीत आहे? मोठमोठ्या कलाकारांचं गाणं झालं, की शेवटी सवाई गंधर्वांची भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावायचे. हजारो माणसं चपला शोधायची थांबून, न बोलता, मंचावर नसलेल्या माणसाचं गाणं ऐकत उभी. त्या सकाळी मी ठरवलं, की आपण तबकड्याही जमवायच्या. मग बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजाराच्या चकरा सुरू झाल्या. पितळेची भांडी, गंजलेले पाने, कुणाची तरी लग्नाची तसबीर, आणि त्यात मध्येच लाखेची तबकडी. हातातून सुटली तर काचेसारखी फुटणारी. पहिली घेतली तेव्हा माझ्याकडे ती वाजवायला यंत्रही नव्हतं.

नोकरी लागल्यावर यंत्र घेतलं, आणि इंजिनिअरचा किडा वळवळला. तबकड्या संगणकावर उतरवल्या, सेकंदाला ४४,१०० नमुने घेऊन. खरखर काढायला स्वतः प्रोग्राम लिहिला. खरखर गेली, आणि तिच्यासोबत तबल्याची थापही बोथट झाली. प्रोग्रामच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच, अचानक आलेला टोकदार आवाज. कान जे वेगळं काढतो ते त्याला जमेना. पुढे मी तो प्रोग्राम काढून टाकला आणि खरखरीसकट ऐकू लागले, सरांच्या कॅसेटसारखं.

आता ज्याची मला लाज वाटते, ते सांगते. गंधार ऐकू आला त्या सकाळी सरांना कळवायचं असं मी ठरवलं होतं. पत्र लिहायचं, खोटं कबूल करायचं आणि खरंही सांगायचं. नाही लिहिलं. मग नोकरी, बंगळूर, दोन वर्षं परदेश, मुलं. सर दरवर्षी मीरासाहेबांच्या उरुसाच्या आधी निरोप पाठवायचे, “खाँसाहेबांच्या स्मृतीची संगीत सभा आहे, येतेस का? दर्ग्यात बसून ऐकू.” ज्या मातीत खाँसाहेब १९३७ पासून विसावलेत, तिथे, किराणा घराण्याच्या कलाकारांचं गाणं, तेही तिकीट न काढता. आणि मी दरवर्षी म्हणायचे, “सर, यंदा कामाची गडबड आहे, पुढच्या वर्षी नक्की.” तबकड्यांनी मला एक वाईट सवय लावली होती. तबकडी थांबते. आज नाही ऐकली तर दहा वर्षांनी ऐकता येते. माणसंही तशीच कपाटात उभी राहतील असं मी धरून चालले होते.

दोन वर्षांपूर्वी अखेर उरुसाला आले. सर आणि मी शेजारी बसलो. तानपुरे जुळत होते आणि मला गंधार स्वच्छ ऐकू येत होता. मी मोठ्या उत्साहानं सरांकडे वळले. सरांनी कानामागच्या यंत्राला हात लावला आणि शांतपणे म्हणाले, “तू ऐक. मला आता नुसती घरघर येते, आणि तीही मध्येच बंद होते.”

नववीत ते ऐकत होते आणि मी ऐकल्याचं सोंग करत होते. आता मला ऐकू येत होतं, आणि ते माझ्यासाठी मान डोलावत होते. त्या रात्री मी त्यांना नववीतलं खोटं सांगू शकले नाही.

पण ‘मध्येच बंद होते’ हे मात्र डोक्यात राहिलं. घरघर बंद का व्हावी? पुण्याला गेल्यावर मी त्या यंत्राबद्दल वाचलं आणि कपाळावर हात मारला. ही यंत्रं मुख्यतः बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली. त्यातला प्रोग्राम असं धरतो, की जो आवाज चढउतार न होता सतत चालू राहतो तो पंख्याचा किंवा मिक्सरचा, म्हणजे गोंगाट, तो दाबायचा. तुटक आणि चढत-उतरत येतं ते बोलणं, ते वाढवायचं. आता मला सांगा, चढउतार न होता सतत चालू राहणारा आवाज म्हणजे तानपुरा नाही तर काय? माझ्यासारख्याच कुणा इंजिनिअरनं लिहिलेला प्रोग्राम, माझ्यासारखीच चूक. त्यानं सरांचा तानपुरा गोंगाट म्हणून पुसून टाकला होता.

मग मी हिशेब केला. वयानं कान जातो तो बहुधा आधी वरच्या पट्टीचा. काळी एकचा षड्ज धरला तर खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ वेळा कंप पावते. तिच्यातून उमटणारा गंधार त्याच्या पाचपट, म्हणजे सुमारे ३४६. सरांच्या कानाच्या तपासणीचा आलेख मी मागून घेतला. ३४६ च्या आसपास सरांचा कान अजून बराच शाबूत आहे. म्हणजे गंधार सरांना सोडून गेलेला नाही, प्रोग्रामनं तो दारात अडवलाय.

हे सगळं सरांना विचारून सांगतेय. गेल्या बुधवारी आम्ही दोघं सांगलीला जाऊन आलो. तिथल्या ताईंनी यंत्रात संगीतासाठी एक वेगळी सोय करून दिली. बटण दाबलं की गोंगाट दाबणं बंद. येताना रिक्षात सरांनी बटण दाबलं आणि लगेच पुन्हा दाबून म्हणाले, “रिक्षाचं संगीत नको.” घरी तानपुऱ्यावर करून बघू म्हटलं तर नाही म्हणाले. “नाही ऐकू आला तर? रविवारी बघू, सगळ्यांच्यात.”

आज तो रविवार आहे. मंचाच्या कोपऱ्यात जो तानपुरा दिसतोय तो आपल्या सतारमेकर वर्गमित्रानं आणलाय. नववीत त्याचे वडील देत होते, आता तो स्वतः करतो. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात त्याच्या हाताचाही वाटा आहे, टाळ्या त्याच्यासाठी वाजवा. त्यानं सकाळपासून जवारी लावून ठेवलीय.

सर, मी हे लिहून द्यायला तीस वर्षं उशीर केला. माझी चिठ्ठी आज वाचली असं समजा: ‘नववी ब मध्ये हात वर केला तेव्हा ऐकू आला नव्हता. नंतर आला. तुमच्यामुळे आला.’ लाल शाईची खूण सवडीनं करा.

आता पंखे बंद करा आणि मोबाईलही. तो तारा छेडेल. सर, तुम्ही बटण दाबा. आणि तुम्हाला, सगळ्या नववी ब ला, एकच विनंती. या वेळी हात वर करायची घाई करू नका. ऐकू आला तरच करा. नाही आला तर पुन्हा छेडू, आपल्याला जेवणापर्यंत वेळ आहे.