एक प्रवाह, अनेक फाटे



आमची शाळा सातवीतच सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत रात्री पुस्तके चाळून झाले. तेव्हा संगणकांच्या जाळ्यावर आम्ही बोलावे याचे आपणांस नवल वाटेल. परंतु एकच खबर पुष्कळांना कशी पोचवावी, हा प्रश्न आमच्या रोजच्या कामातलाच आहे.

सभा बोलवायची तर दोन रस्ते. घरोघर जाऊन सांगा; म्हणजे तीनशे सभासदांसाठी तीनशे खेपा, आणि शेवटच्याला कळेपर्यंत पहिल्याने मत ठरवूनही टाकलेले. नाहीतर भोंगा वाजवा. म्हणजे ज्याचा सभेशी संबंध नाही त्याचीही झोपमोड. संगणकांपुढेही हेच दोन रस्ते होते. तिसरा रस्ता आपल्या नीरा डाव्या कालव्यासारखा आहे. १८८५ साली पुरा झालेला हा कालवा बारामतीवरून इंदापूर तालुक्यात जातो. पाणी मूळ कालव्यातून एकदाच येते. मागणी असेल तो फाटा उघडायचा, नसेल तो बंद. संगणकांत या रीतीला मल्टिकास्ट म्हणतात. फरक एवढाच, की पाणी वाटले की घटते; इथे फाट्यावर प्रत निघते, आणि टेलच्या माणसालाही हेडच्या इतकेच मिळते. आमच्या टेलच्या शेतकऱ्याला हे ऐकून हसू येईल.

आता मागणी कळते कशी? कालव्यावर सात नंबरचा अर्ज भरतात. संगणकांसाठी स्टीव्ह डीअरिंग यांनी १९८९ मध्ये आयजीएमपी नावाची नियमावली लिहिली. प्रत्येक गटाला २२४ ते २३९ यांपैकी एका आकड्याने सुरू होणारा पत्ता असतो. ज्याला त्या गटाची माहिती हवी, तो पाठवणाऱ्याला काहीच कळवत नाही. जवळच्या राउटरला, म्हणजे फाट्यावरच्या पाटकऱ्याला सांगतो. पाटकऱ्यालाही नावांची यादी नको असते. या चारीवर कोणी आहे की नाही, एवढेच पुरे. दर १२५ सेकंदांनी तो पुकारा करतो आणि दहा सेकंदांत उत्तर मागतो. सगळ्यांनी एकदम ओरडू नये म्हणून प्रत्येकजण कमीअधिक थांबे, आणि शेजाऱ्याने उत्तर दिलेले ऐकले की स्वतः गप्प बसे. २६० सेकंद कोणीच बोलले नाही, तर फाटा बंद. १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘आम्ही निघालो’ असे सांगण्याची सोय झाली. तरी पाटकरी लगेच दार पाडत नाही, मागे कोणी उरले आहे काय हे पुन्हा विचारतो.

आमच्या दप्तरात वारलेले सभासद वर्षानुवर्षे नांदतात. म्हणून या पुकाऱ्याचा आम्हांला हेवा वाटतो. मात्र शेजारी बोलला म्हणून आपण गप्प बसावे, हे आम्हांला पटले नव्हते. २००२ च्या तिसऱ्या आवृत्तीने ते काढून टाकले. आता ज्याचे त्याने उत्तर द्यायचे, आणि कोणत्या पाठवणाऱ्याचे हवे, कोणाचे नको, तेही सांगता येते.

यात पैशाचा प्रश्न किती, ते मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारात दिसले. तिथे भावांची बित्तंबातमी दलालांच्या संगणकांना एकामागून एक जाई; जो आधी जोडला गेला, त्याला आधी मिळे. घरोघर सांगण्याचीच ही रीत! सेबीने ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात तिच्यावर ठपका ठेवून ६२४ कोटी ८९ लाख रुपये व्याजासह भरण्यास फर्मावले. जानेवारी २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने ती वसुली रद्द केली. परंतु दक्षतेत कसूर झाली म्हणून १०० कोटी भरायला लावले. सेबीच्या आदेशाच्या आधीच बाजाराने मल्टिकास्ट स्वीकारले होते. कायद्याचा कीस वकिलांनी काढावा. खबर आधी कोणाला आणि मागाहून कोणाला, यावरून आम्ही गेटवर पुष्कळ भांडणे पाहिली आहेत.

एक अडचण मात्र राहिलीच आहे. ही रीत एकेका संस्थेच्या किंवा कंपनीच्या जाळ्यात नीट चालते. खुल्या इंटरनेटवर एकाचा पाटकरी दुसऱ्याच्या फाट्याची जबाबदारी सहसा घेत नाही. त्यामुळे या कऱ्हाकाठच्या मंडपात शंभर जणांनी मोबाइलवर एकच क्रिकेटचा सामना लावला, तर आजही शंभर वेगळ्या धारा सोडाव्या लागतात.