कंपालाची लेखक परिषद आणि आपण

औशाच्या भुईकोट किल्ल्याच्या खंदकाशी उभे राहिले असता आफ्रिका फार दूर आहे असे वाटत नाही. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि पुढे निजामशाहीचा सूत्रधार झालेला मलिक अंबर काही काळ या किल्ल्याचा स्वामी होता. त्याच्या खंडातील लेखक मात्र आपल्या घरी आले ते बहुधा इंग्रजीच्या दाराने. असे का व्हावे?

जून १९६२ मध्ये युगांडातील कंपाला येथे, मकेरेरे कॉलेजात, आफ्रिकी लेखकांची मोठी परिषद भरली. चिनुआ अचेबे, वोले सोयिंका अशी मंडळी जमली. परंतु बोलावणे होते ते इंग्रजीत लिहिणाऱ्यांना. न्गुगी वा थिओंगो तेव्हा केवळ विद्यार्थी होते. थोड्याशा इंग्रजी कथांच्या बळावर त्यांना प्रवेश मिळाला, आणि स्वाहिलीचे थोर कवी शाबान रॉबर्ट यांना तेथे जागा नव्हती! घरच्या पंगतीत घरधन्यालाच पान वाढू नये, तसा हा प्रकार. त्याच महिन्यात ते निवर्तले.

न्गुगींना ही गोष्ट डाचत राहिली. १९७७ साली केनियातील कामिरीथू गावच्या शेतकरी-मजुरांना घेऊन त्यांनी, एका सहकाऱ्यासह, गिकुयू भाषेत नाटक उभे केले. सरकारने प्रयोग बंद पाडले आणि वर्षअखेरीस न्गुगींना तुरुंगात घातले. त्याच वर्षी त्यांच्या इंग्रजी कादंबरीतील जळजळीत टीका सरकारने सोसली होती. गावकऱ्याला कळणारा शब्द मात्र सोसवला नाही. कोठडीत शौचालयाच्या कागदावर त्यांनी गिकुयूत कादंबरी लिहिली. २०२५ साली ते गेले. मातृभाषेचा हट्ट त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही.

मराठवाड्याला हे समजावून सांगावयास नको. निजामी राजवटीत कारभाराची भाषा उर्दू. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातील शिक्षणही उर्दूतूनच. दोष उर्दूचा नव्हे, तीही याच मातीतली. पण तेथे शिकू पाहणाऱ्या औशाच्या मुलाला घरची मराठी वेशीवर ठेवूनच जावे लागे. १९४८ मध्ये ती राजवट संपली, आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये औशाच्याच जिल्ह्यात, उदगीरला, ९५ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले.

आफ्रिकी साहित्याचा उत्सव आपल्याकडे भरवावयाचा झाल्यास निमंत्रणपत्रिकेआधी अनुवादक शोधावे लागतील: स्वाहिली, गिकुयू, अम्हारिक यांतून थेट मराठीत आणणारे. मलिक अंबराच्या मायदेशातील पहिली अम्हारिक कादंबरी १९०८ साली रोम येथे छापली गेली. आरंभ तिच्यापासून करता येईल.