गाडीतला स्टिरिओ: कंपनीचा की बाजारातला?

2012 मध्ये छत्तीसगडचे मंत्रालय नवा रायपूरला गेल्यापासून रायपूरहून तिकडे रोज ये-जा करणारे वाढले, आणि गाडीत चांगला आवाज हवा ही त्यांची मागणी रास्तच आहे. पण त्यासाठी कंपनीने बसवलेला स्टिरिओ काढण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नव्या गाड्यांत स्टिरिओची स्क्रीन नुसती गाणी लावत नाही. मागचा कॅमेरा, स्टिअरिंगवरची बटणे, कधी गाडीच्या सेटिंगही तिलाच जोडलेल्या असतात. वायर कापून दुसरा संच बसवला, तर पुढे इलेक्ट्रिकल बिघाड झाल्यास वॉरंटी अडू शकते. शिवाय फिका आवाज हा बहुधा स्पीकरचा दोष असतो. दारातले हलके स्पीकर बदलले आणि दारांना आतून डॅम्पिंग शीट लावली, की त्याच स्टिरिओतून तबल्याचा डग्गा सुटा ऐकू येतो.

जुन्या गाडीत ब्लूटूथच नसेल तर? तिथे बाहेरचा संच जरूर घ्यावा, मात्र वायर न कापता, त्या मॉडेलचा कपलर लावूनच. आणि घेताना त्यात मध्यम लहरी लागतात का, हे आवर्जून विचारा. शहर मागे पडले, एफएम विरले, की आकाशवाणी त्यांवर ऐकू येऊ शकते.